तानाजीच्या हाताची जॉयस्टिक

आर्या आणि ईशान, हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर प्रकरणांची यादी आहे आणि त्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या नावापुढे मी ‘दोन पाने, पुरे’ असं लिहून ठेवलं होतं. पण गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशाननं मला ती वेबसाइट दाखवली, जिथे मारामारीच्या खेळांसाठी आपल्याला हवी तशी जॉयस्टिक बनवून मिळते. मूठ गोल की लांबट, स्प्रिंग नरम की कडक, खालच्या चौकटीचं भोक चौकोनी की आठ कोनांचं, आणि शेवटी रंग. ‘आजी, तू रंग निवड,’ असं तू म्हणालास. मी म्हटलं, रंग राहू दे, आधी तुझं मनगट कसं वळतं ते दाखव. मग मी चाळीस मिनिटं बोलत राहिले. तुमचे बाबा मागे उभे राहून हसत होते, ‘आईंना हे कुठून माहीत?’ तुमच्या आईलाही माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. कॉल संपल्यावर चहाचे कप विसळायला उभी राहिले आणि एकच कप तीनदा विसळला. इतक्या वर्षांनंतरही मला राग आला होता, आणि तोही पहिल्यासारखाच. तुमचे आजोबा म्हणतात, गेलेल्या बापाबद्दल रागानं लिहू नये. मी त्यांना म्हटलं, ते होते तेव्हा मी बोलले होते, त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून आता लिहिते. तुमचं मराठी वाचन अजून कच्चं आहे, म्हणून सोपं लिहीन. पण गोड लिहीन असं नाही.

आमचं घर म्हणजे शेडच्या मागच्या दोन खोल्या. पुढे माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं वर्कशॉप होतं. एक मोठं लेथ, एक धाकटं लेथ, एक ड्रिल, एक हातानं दाबायचा प्रेस आणि दोन कामगार. लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र. ते चामडी पट्ट्यावर चालायचं आणि पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना दर फेरीला फट् असा आवाज यायचा. मी त्या आवाजावर पाढे पाठ केले, त्याच आवाजात कॉन्व्हेंटच्या इंग्रजी कविता घोकल्या. शेजारी ओतकामाची भट्टी होती. तिथल्या वाळूत मळी मिसळायचे, त्यामुळे दुपारी सगळ्या बोळात जळक्या गुळाचा वास असायचा. आई त्या वासाला वैतागलेली असे. तव्यावर भाकरी टाकली की खिडकी लावायची, खोलीत धूर भरला की परत उघडायची. ‘मी काय म्हणतो, ह्या भट्टीवाल्याला एकदा खर्डा खायला घालतो, मग कळंल नाकात झोंबणं म्हंजे काय,’ असं ती म्हणायची. आमच्याकडे बायकाही ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलतात. शाळेत नन्सनी माझं ते बोलणं घालवलं, आईचं कोण घालवणार!

आबा चौथी शिकलेले. पण इंजिनाचं सिलिंडर आतून कातून एकसारखं गोल करण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. लोक गडहिंग्लजहून, निपाणीहून काम घेऊन यायचे. काम झालं की आबा ते स्वच्छ पुसून उजेडाकडे धरायचे, त्यात आपला अंगठा फिरवायचे आणि गिऱ्हाइकाच्या हाती देताना एकच वाक्य बोलायचे, ‘बघा, कुठं लागतंय का.’ कुठेच लागायचं नाही. ढिलं आणि वाकडं हे त्यांच्या तोंडातले दोन सर्वांत वाईट शब्द होते. न आवडणाऱ्या माणसालाही ते ‘ढिला हाय’ म्हणायचे. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, कारण कुठल्याशा कारखान्यातला इंग्रजी बोलणारा साहेब एकदा त्यांच्याशी वाईट बोलला होता आणि आबांना उत्तर देता आलं नव्हतं. माझं इंग्रजी प्रगतिपुस्तक ते हत्यारांच्या कपाटावर उभं करून ठेवायचे. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मल्लूअण्णा पहिल्यांदा शेडवर आला. तो मूळचा गडहिंग्लजचा, निम्मं कानडी बोलायचा, आणि त्यानं स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. टोकन टाकायचं, उभ्यानं खेळायचं, दोघांनी एकमेकांशी लढायचं. त्यानं पोतं उलटं केलं आणि आठ-दहा मोडक्या जॉयस्टिक फरशीवर पडल्या.

‘मेस्त्री, ह्यो बघा मुंबईचा माल. तालमीतली पोरं दोन म्हैन्यात पार भुगा करत्यात.’

‘ह्ये काय, खेळणं व्हय?’

‘खेळणंच की. पर माझं घर चालतंय त्याच्यावर.’

‘माझं लेथ इंजनाच्या कामाला हाय, अण्णा. खुळखुळे करायला न्हाय,’ असं म्हणून आबा पाठ फिरवून उभे राहिले.

मी तोवर एक उचलून उघडली होती. आत काय होतं ते सांगते, कारण तुम्हाला वाटतं तितकं ते अवघड नसतं. एक पोलादी दांडी, ती एका पत्र्यात बसवलेल्या गोळ्यावर झुलते. तिच्याभोवती स्प्रिंग, म्हणजे हात सोडला की ती मध्ये येते. तळाला चार बाजूंना चार छोटे स्विच. दांडी ज्या बाजूला झुकते त्या बाजूचा स्विच टिक् करतो, कोपऱ्यात गेली की दोन एकदम वाजतात. आणि दांडीनं किती लांब जायचं ते ठरवणारी खालची चौकट, म्हणजे मध्ये भोक असलेला एक तुकडा. मुंबईच्या मालात ते सगळं पातळ प्लास्टिकचं होतं. कुस्ती खेळणाऱ्या पोरांच्या पंज्यात ते टिकणार कसं? मी म्हटलं, ‘अण्णा, दोन ठेवून जा.’ सोमवारी उद्यमनगरला सुट्टी असते. त्या सोमवारी आबांनी मला धाकटं लेथ वापरू दिलं आणि स्वतः खुर्ची टाकून पेपर वाचत बसले, म्हणजे पेपरच्या वरून माझ्या हाताकडे बघत बसले.

मी नव्यानं कातलेल्या त्या दोन टिकल्या. मग अजून आल्या. मग पोरं स्वतःच यायला लागली, कारण त्यांना कळलं की मेस्त्रींच्या पोरीकडे हाताच्या मापानं मूठ कातून मिळते. गोल मुठीला ती लिंबू म्हणायची आणि लांबट मुठीला वांगं. ‘अक्का, मला वांगंच बरं, लिंबू घामानं सुटतंय.’ ‘माझी स्प्रिंग जरा कडक करा की, बोट लावलं तरी माणूस उडी मारतोय.’ स्कूटरच्या क्लचच्या स्प्रिंगा मी कापून वापरायचे. चौकटीसाठी हायलम नावाच्या कडक प्लास्टिकचा जाड तुकडा, तो झिजत नाही. कुणी आगीचा गोळा फेकणारा असायचा, त्याला हात खालून पुढे अर्धा फिरवायचा असतो, त्याला गोल भोक बरं. कुणी मागे दाबून दबा धरून बसणारा, त्याला कोपरा हवा, त्याला चौकोनी. मल्लूअण्णाच्या दुकानात शेवटी अशी पद्धतच पडली की ज्याची त्याची जॉयस्टिक. भिंतीला खिळे ठोकले आणि तालमीत लंगोट टांगतात तशा पोरांनी आपापल्या जॉयस्टिक तिथे टांगल्या. आपली पाळी आली की चार स्क्रू काढायचे, आपली बसवायची, जुन्या रेडिओतली पाच पिनांची खुट्टी जोडायची, आणि खेळायचं. मी हे सगळं ऐकून सांगते आहे. मी त्या दुकानात कधी गेले नव्हते. कुणी अडवलं नसतं, पण मी पायरी चढले असते तर चहाच्या वेळेपर्यंत आईला बातमी लागली असती.

मग मल्लूअण्णानं गडहिंग्लजला मोठं दुकान काढायचं ठरवलं, बारा मशिनचं. त्याआधी कोल्हापूरच्या दुकानात बक्षिसाची लढत ठेवली, आपला एक आणि इचलकरंजीचा एक. आबांसमोर उभा राहून तो म्हणाला, ‘मेस्त्री, आमचा तानाजी खेळणार, तुमच्या पोरीच्या जॉयस्टिकवर. चार लोकांत चांगली चालली, तर गडहिंग्लजच्या सगळ्या मशिनींच्या तिनंच करायच्या.’ त्या दिवशी जेवताना आबा आईकडे बघत, पण मला उद्देशून बोलले, ‘काम आलं तर धाकटं लेथ हिचं. पदवी झाली की टूलरूमचा डिप्लोमा करू दे. न्हाई आलं, तर तू बघितलेलं ते बँकेतलं स्थळ, त्यांना बोलवायचं. मग परत लेथचं नाव काढायचं न्हाई.’ आई म्हणाली, ‘आणि हिचा हात काळाच ऱ्हायला तर?’ आबा म्हणाले, ‘माझा बी काळाच हाय. तू केलंसच की लगीन.’ आई हसली. मी नाही हसले. मी ते दोन्ही पर्याय त्याच दिवशी डायरीत लिहून काढले आणि खाली रेघ मारली.

तानाजी उचगावचा. एकोणीस वर्षांचा, मानेनं रेड्यासारखा आणि बोलायला एकदम हळू. तालमीत त्याचं डावं मनगट मोडलं होतं आणि हाडवैद्यानं ते वाकडं बसवलं, त्यामुळे कुस्ती सुटली. त्याच डाव्या हातानं दांडी धरायची असते. त्याचं मनगट बाहेरच्या बाजूला वळायचंच नाही. सरळ खाली ओढायला गेला की हात मागे सरकायचा आणि खालचा पुढचा कोपरा, जिथून सगळे मोठे डाव सुरू होतात, तो त्याला दहातून तीनदा सापडायचा. ‘अक्का, बाकीच्यांनी मला आडवं केलं तरी चालंल,’ तो म्हणाला, ‘पर माझ्या मनातला डाव हातात उतरत न्हाय, त्याचं लई वाईट वाटतंय.’

मी विचार केला की त्याचा हात तर बदलणार नाही. मग मी प्रॅक्टिकलच्या वहीतला आलेख कागद काढला, दांडीच्या तळाला पेन्सिलीचं शिसं बसवलं, कागद त्याखाली चिकटवला आणि तानाजीला डोळे मिटून डाव खेळायला सांगितले. गोळा, वरचा ठोसा, परत गोळा. वीस मिनिटांनी कागद काढला. इतर कुणाच्या हातानं अधिकचं चिन्ह उमटलं असतं. त्याच्या हातानं कोयरी उमटली होती, शेपूट एका बाजूला वळलेली. ईशान, त्या कागदाइतकं स्पष्ट उत्तर मला नंतर कुठल्या प्रयोगात मिळालं नाही, आणि मी पुढे तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मी चौकटीत त्या कोयरीच्याच आकाराचं भोक कापलं, कानसेनं एक एक कड घासून. दांडी दोन अंश वाकवली, त्याच्या मनगटाच्या कलाप्रमाणे. आणि गोळ्याच्या बैठकीत दीड मिलिमीटर ढिलेपणा ठेवला, म्हणजे त्याचा हात अडकला तरी दांडी स्वतः कोपऱ्यात घसरेल. तीन सोमवार लागले. शेवटच्या सोमवारी तानाजीनं डोळे मिटून दहा वेळा डाव टाकला. स्विच दहा वेळा बरोबर वाजले. तो बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला.

लढतीच्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. दुपारी मल्लूअण्णाचा माणूस येऊन जॉयस्टिक घेऊन जाणार होता. मी ती बाकावर ठेवली, पुसून, आणि तिला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. मोजमापं लिहायची मला इंग्रजीतच सवय होती, त्यामुळे चिठ्ठीही इंग्रजीतच लिहिली, छपाईसारख्या मोठ्या अक्षरांत: हे बरोबर आहे, सरळ करू नये, ढिलेपणा राहू द्यावा. कामगारांपैकी कुणी धक्का लावू नये म्हणून ती चिठ्ठी होती. आबांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

परीक्षा संपवून मी थेट मल्लूअण्णाच्या दुकानावर गेले. त्या दिवशी बातमी घरी पोचली तरी मला चालणार होतं. आत इतका घामाचा आणि उदबत्तीचा वास होता की श्वास घेववेना. ‘ए, सरका रं, मेस्त्रींची पोरगी आलीया,’ कुणीतरी ओरडलं आणि माझ्यासाठी जागा झाली. तानाजी मशिनपुढे उभा होता. इचलकरंजीचा मुलगा काडीसारखा, त्याला मी आधी हिशेबातच धरलं नव्हतं. सुरुवात झाली आणि तानाजीनं पहिला डाव टाकला. पडद्यावरचा माणूस नुसताच खाली बसला. पुन्हा टाकला, माणूस मागे गेला. तानाजीनं मान खाली करून दांडीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. पहिली फेरी गेली. दुसरी त्याहून लवकर गेली.

‘पैलवान, दुसऱ्याचा लंगोट घातलासा काय?’ मागून एकजण ओरडला आणि सगळं दुकान हसलं.

तानाजी वळून मला म्हणाला, अगदी हळू, ‘अक्का, हे माझं न्हवं.’

माझ्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर असायचाच. मी सगळ्यांसमोर चार स्क्रू काढले आणि जॉयस्टिक वर उचलून उलटी केली. कोयरीची चौकट गेली होती. तिच्या जागी पांढऱ्या नायलॉनची नवी चौकट होती आणि तिचं भोक गोल होतं, पौर्णिमेच्या चंद्राइतकं गोल. दांडी सरळ केलेली होती. गोळ्याच्या बैठकीत पिवळ्याधमक गनमेटलचं बुश, म्हणजे घट्ट कडं, ठोकलेलं, आणि दांडी त्यात अशी बसली होती की केसभरही ढिली नव्हती. कड घासून, पॉलिश करून, तेलाचा एक थेंब सोडलेला. इतकं सुंदर काम त्या गावात एकच माणूस करू शकत होता.

मल्लूअण्णा जवळ आला. त्याला माझी दयाच आली असावी. ‘अक्का, मनाला लावून घेऊ नगा. पोरीच्या हातचं काम शेवटी आसंच की. मी आपला मुंबईचाच माल आणतो.’

मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. हे माझं काम नाही, आबांचं आहे, असं एक वाक्य. पण समोर उद्यमनगरची निम्मी पोरं उभी होती. त्यांचे बाप आबांकडे काम आणायचे. ‘मेस्त्रींनी काम बिघडवलं’ हे शब्द त्या दुकानातून बाहेर पडले असते तर आठवड्यात निपाणीपर्यंत गेले असते. मी गप्प बसले. मी धाकटं लेथ तिथे, त्या घामाच्या वासात, माझ्या हातानं सोडून दिलं, आबांच्या नावासाठी. हे मी अभिमानानं लिहीत नाही. मला त्या गप्प बसण्याचाही राग येतो.

घरी आले तेव्हा आबा हात धूत होते. मला बघून खुशीत म्हणाले, ‘कशी चालली?’

‘तुम्ही हात लावला त्याला?’

‘व्हय. तुझी घाई झाली हुती परीक्षेची, मला कळलं. दांडी वाकडी, बैठक ढिली, भोक तर कसलं कापलंयस, गोल न्हाय, चौकोनी न्हाय. इंजनाचं काम बाजूला ठिवलं आणि दोन तास बसलो. चार लोकांत तुझं नाव जायचं हुतं.’

‘ते तसंच हवं होतं, आबा!’

‘वाकडं कुणाला हवं असतंय?’

‘तानाजीला! त्याचा हात वाकडा आहे!’

‘मग हात सरळ करायचा. सामान कशाला वाकडं करायचं?’

‘मी चिठ्ठी बांधली होती.’

‘इंग्रजीत हुती की. मला काय कळणार?’

मी किंचाळले. आई पीठ लागलेल्या हातानंच बाहेर आली. मी म्हटलं, तुमच्या कामानं तानाजी हरला, गडहिंग्लजचं काम गेलं, सगळं गेलं, आणि तरी मी चार लोकांत तुमचं नाव घेतलं नाही. आबांनी हात पुसले. मला वाटलं, आता तरी त्यांना काही वाटेल. ते म्हणाले, ‘का न्हाई घेतलंस? सांगायचं की. मी केलंय म्हणून सांगायचं. चांगलंच केलंय.’

आर्या, हे तू मोठी झालीस की परत वाच. मी ज्या नावासाठी तोंड मिटून बसले, त्या नावाला धक्का लागला असं त्या माणसाला वाटतच नव्हतं. ते काम दुकानाच्या दारात टांगलं असतं तरी ते छाती काढून खाली उभे राहिले असते.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. माझं ताट मी शेवटी वाढून घ्यायचे. आई दोघांच्या मधे भाकऱ्या आणि निरोप पोचवायची. ‘तुझा बाप म्हणतोय, चटणी दे.’ ‘सांग त्यांना, डबा समोर आहे.’ आई कंटाळून म्हणाली, ‘आता मी हितं पोस्ट आफिसच काढतो.’ पण खरं म्हणजे त्या दिवसांत माझा निम्मा राग माझ्यावरच होता. ज्या बापानं पोटाला चिमटा काढून मला इंग्रजी शिकवलं, त्याच्याच बाकावर त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत मी चिठ्ठी सोडून गेले. दोन ओळी मराठीत लिहिल्या असत्या तर! हा विचार मला खाऊन टाकत होता. शेवटी एका सोमवारी जेवताना मी विचारलंच. त्या दिवशी वाटाण्याची उसळ होती आणि ताकाची कढी. शेड बंद, भट्टी बंद, सगळं इतकं शांत की कढी ओरपल्याचा आवाज येत होता.

‘आबा, खरं सांगा. चिठ्ठी मराठीत असती तर?’

त्यांनी भाकरी मोडली. विचार केला. त्यांना खोटं बोलता येत नसे, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. ‘वाचली असती,’ ते म्हणाले.

‘आणि?’

‘आणि सरळच केलं असतं. माझ्या शेडातनं वाकडं काम भाईर जायचं न्हाई.’

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि कढीचं भांडं उचलून आत गेली. त्या क्षणी माझ्यावरचा राग संपला. उरलेला सगळा राग एका जागी गेला आणि तिथेच राहिला. लोक मला सांगत आले आहेत की त्यांनी ते मायेनं केलं. मला माहीत आहे मायेनं केलं. दोन तास पैसे देणारं काम बाजूला ठेवून, जीव ओतून केलं. पण त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. माझ्या कामात चूक सोडून दुसरं काही असू शकतं, एवढा एक विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. कागदावर उमटलेला तो आकार त्यांनी बघितलाच नव्हता आणि बघायला मागितलाही नाही. तुमचं भलं करणारा माणूस तुमचं ऐकत नसेल तर त्याच्याशी भांडायचंसुद्धा कसं? शिवी दिली तर आपणच वाईट ठरतो. मला पुढे कॉलेजात असे साहेब भेटले, प्राचार्य भेटले, आणि प्रत्येकाच्या तोंडून मला तेच ऐकू यायचं, ‘चांगलंच केलंय.’

त्यानंतर थोड्याच दिवसांत तानाजी सायकलवरून शेडच्या दारात आला. आबा लेथवर होते. तो आत न येता उंबऱ्याबाहेरून म्हणाला, ‘अक्का, माझं मला परत करून द्या. बक्षीस गेलं ते गेलं. मला खेळायचंय.’

मी आबांकडे पाहिलं. लेथ बंद न करता ते म्हणाले, ‘धाकटं लेथ रिकामं न्हाय.’ ते रिकामं होतं. त्याच्यावर फडकं पडलं होतं, आम्हा तिघांनाही दिसत होतं.

‘उचगावात माझ्या मामाची शेड हाय,’ तानाजी म्हणाला. ‘लेथ जुनं हाय, जरा डुगडुगतंय. चालंल?’

‘चालेल,’ मी म्हटलं, आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मी पदवीचं वर्ष संपेपर्यंत दर सोमवारी बसनं उचगावला गेले. आई डबा बांधून द्यायची आणि कुठे निघालीस असं विचारायची नाही. आबांना सगळं माहीत होतं, तेही विचारायचे नाहीत. मामा स्वतः दारात बसून तंबाखू मळत असे, आणि कुणी विचारलं तर ‘पावणी आलीया, कामाची’ एवढंच सांगायचा. तिथे मी नऊ जॉयस्टिक केल्या. एक तानाजीची, परत कागद लावून, परत कोयरी कापून. एक डावखुऱ्या मुलाची. एक दोन बोटं गेलेल्या प्रेसकामगाराची, त्याची मूठ मी तीन बोटांच्या मापानं कातली. नऊच्या नऊ सरळ नव्हत्या. मग ठरल्याप्रमाणे बँकेतलं स्थळ आलं. ते तुमचे आजोबा, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्नाच्या दिवशी आबांनी माझे हात हातात घेतले, नखांत अडकलेलं काळं बघितलं आणि हात सोडले. ते गेले तेव्हा मी शेजारी होते, त्यांचं सगळं केलं, रीतसर केलं. पण त्या कामाबद्दल त्यांनी कधी चूक म्हटलं नाही, आणि मी कधी जाऊ दे म्हटलं नाही.

आता शेडच्या जागी फरश्यांचं दुकान आहे. दोन्ही लेथ भंगारात गेली. मल्लूअण्णाचं स्टँडजवळचं दुकान कधीच बंद झालं, गडहिंग्लजचंही. हे प्रकरण लिहायला घेतल्यावर मी तानाजीला फोन केला. त्याची उचगावात मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. नऊपैकी आठ कुठे गेल्या ते त्यालाही सांगता आलं नाही. त्याची स्वतःची त्याच्याकडे आहे. डावीकडचा आणि वरचा स्विच गेला आहे. दांडी, स्प्रिंग आणि चौकट चालू आहेत.